वने, पाणथळ प्रदेश व पर्जन्यमान

वनस्पतींचे आच्छादन, तसेच दलदली, पूरमैदाने व उथळ सरोवरे यांसारखे पाणथळ प्रदेश यांचा पर्जन्यमानावर होणारा परिणाम हा वातावरणविज्ञान, जलविज्ञान व वनविज्ञान या तिन्ही शास्त्रांचा समाईक विषय आहे. हा परिणाम त्या त्या प्रदेशापुरता मर्यादित नसून वारे ज्या दिशेने वाहतात त्या दिशेच्या दूरवरच्या प्रदेशांतही तो आढळतो. वनांमुळे पाऊस पडतो आणि वने तोडल्याने तो नाहीसा होतो, अशी समजूत पुष्कळ देशांत फार काळापासून रूढ आहे. ती जशीच्या तशी खरी नाही व सर्वस्वी खोटीही नाही. पाऊस पडण्यास आवश्यक असलेले बाष्प मुख्यत्वे महासागरांकडून येते आणि ते उचलून धरणाऱ्या यंत्रणा (मोसमी वारे, वादळी आवर्त, पर्वतरांगा) वनांवर अवलंबून नसतात. तथापि सागरापासून दूर असलेल्या विस्तीर्ण भूप्रदेशांत आलेले बाष्प पुनःपुन्हा वातावरणात परत पाठविण्याचे कार्य मुख्यतः वनस्पती करतात. त्यामुळे वनांचा परिणाम किती, हे वनाचा विस्तार, सागरापासूनचे अंतर, वाऱ्यांची दिशा आणि ऋतू यांवरून ठरते.

ऐतिहासिक आढावा : क्रिस्तोफर कोलंबस याच्या पुत्राने लिहिलेल्या चरित्रात जमेकामधील दुपारच्या पावसाचे कारण तेथील दाट वने हे होय, तर कानेरी, मदीरा व ॲझोर्स बेटांवर वृक्षतोडीनंतर पाऊस घटला, असे कोलंबसाचे मत नोंदविलेले आहे. जर्मन शास्त्रज्ञ आलेक्सांडर फोन हंबोल्ट यांनी १८०० मध्ये व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराची पातळी खालावल्याचे पाहिले. सभोवतालच्या डोंगरउतारांवरील वृक्षतोड व शेतीसाठी वळविलेले पाणी यांच्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. या निरीक्षणाचा एकोणिसाव्या शतकातील शासकीय वनधोरणांवर मोठा प्रभाव पडला.

भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टरांनी हा प्रश्न प्रथम लावून धरला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमले गेलेले अलेक्झांडर गिब्सन यांनी कोकणातील डोंगर उघडे पडल्यामुळे ओढे व झरे आटत असल्याचे सरकारच्या निदर्शनास आणले. पुढे भारतीय वातावरणविज्ञान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी तत्कालीन मध्य प्रांताच्या दक्षिण भागातील पर्जन्याच्या नोंदी तपासल्या. फिरती शेती बंद करून राखलेली वने १८७५ नंतर तेथे पुन्हा वाढली होती. राखणीपूर्वीच्या व नंतरच्या वर्षांची तुलना करता पाऊस वाढल्याचे दिसते, असा निष्कर्ष त्यांनी १८८७ च्या सुमारास काढला; मात्र नोंदींचा काळ थोडा असल्यामुळे तो सावधपणेच घ्यावा, असेही सुचविले. त्यांच्यानंतर काही वर्षांनी त्याच खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी १९१० मध्ये दीर्घकालीन नोंदींचे परीक्षण केले. वृक्षतोडीसारख्या मानवी कृतींमुळे देशाच्या पावसात कायमचा बदल झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मॉन्सूनच्या पावसात वर्षावर्षाला होणारी चढउतार इतकी मोठी असते की, तीमधून वनांचा परिणाम वेगळा काढणे केवळ पर्जन्यमापकांच्या आधारे अशक्यप्राय होते. यानंतर सु. अर्धशतक बहुतेक वातावरणवैज्ञानिकांनी हा प्रश्न बाजूस ठेवला. समस्थानिकांचे मापन, उपग्रह व संगणकीय प्रतिकृती ही साधने उपलब्ध झाल्यावर, १९७० नंतर, त्याचा पुन्हा विचार सुरू झाला.

बाष्पाचे पुनरावर्तन : जमिनीवर दरवर्षी पडणाऱ्या एकूण पाऊस-हिमापैकी सु. तीन-पंचमांश पाणी बाष्परूपाने वातावरणात परत जाते. उरलेले नद्या व भूजल यांच्या वाटे सागराला मिळते. परत जाणाऱ्या पाण्याचे तीन मार्ग आहेत : माती व उघडे जलपृष्ठ यांवरून होणारे बाष्पीभवन, पानांवर अडलेल्या पावसाचे बाष्पीभवन आणि वनस्पतींच्या पर्णरंध्रांतून होणारा बाष्पोच्छ्वास. यांपैकी बाष्पोच्छ्वासाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

वातावरणात गेलेले बाष्प सरासरीने ८ ते १० दिवस तेथे राहते आणि या अवधीत वाऱ्याबरोबर शेकडो ते हजारो किमी. प्रवास करते. म्हणून एखाद्या वनाने दिलेल्या बाष्पाचा पाऊस त्याच वनावर पडेल असे नाही. नेदर्लंड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये केलेल्या गणनेनुसार जगातील जमिनीवरच्या पर्जन्यापैकी सु. ४० टक्के पर्जन्य जमिनीवरूनच वर गेलेल्या बाष्पापासून होतो. चीनच्या बाबतीत हे प्रमाण सु. ८० टक्के, तर दक्षिण अमेरिकेतील ला प्लाता नदीच्या खोऱ्यात सु. ७० टक्के आहे. एखाद्या प्रदेशाच्या पावसाला बाष्प पुरविणारा भूभाग, नदीच्या पाणलोट क्षेत्राप्रमाणेच, त्या पावसाचे ‘बाष्पक्षेत्र’ मानता येतो. फरक एवढाच की, पाणलोट क्षेत्राची सीमा डोंगरमाथ्यावर दाखविता येते. बाष्पक्षेत्राची सीमा वाऱ्यांबरोबर ऋतूनुसार सरकते.

वनांची कार्यपद्धती : वनांचा वातावरणावरील परिणाम पुढील चार प्रकारे होतो.

(१) खोल मुळे : गवत व हंगामी पिके मातीच्या वरच्या थरातील ओलावा संपला की सुकतात. वृक्षांची मुळे मात्र खोलवर जातात. पूर्व ॲमेझॉनमधील पॅरागोमिनास येथे केलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सदाहरित वनाची मुळे ८ मी. पेक्षा अधिक खोलीवरील पाणी शोषून घेत असल्याचे आढळले. त्यामुळे कोरड्या ऋतूतही वनाचा बाष्पोच्छ्वास चालू राहतो. उष्ण कटिबंधातील दाट वनातून दररोज सरासरीने ३ ते ४ मिमी. पाणी बाष्परूपाने वर जाते. म्हणजे १ चौ. किमी. वन दिवसाला ३,००० ते ४,००० टन पाणी हवेत सोडते.

(२) उष्णतेची वाटणी : १ ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सर्वसाधारण तापमानास सु. ५८५ कॅलरी उष्णता लागते. ही सुप्त उष्णता बाष्पाबरोबर वर जाते व ढगांत संद्रवण होताना मुक्त होऊन हवेच्या ऊर्ध्व प्रवाहाला बळ देते. वन तोडल्यावर तीच सौर ऊर्जा जमीन व तिला लागून असलेली हवा तापविण्यात खर्च होते. दाट वन आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सु. १२ ते १३ टक्के भाग परावर्तित करते. कुरणात हे प्रमाण सु. १८ टक्के व वाळवंटी वाळूत ३५ टक्क्यांपर्यंत असते. अमेरिकन वातावरणवैज्ञानिक ज्यूल चार्नी यांनी १९७५ मध्ये आफ्रिकेतील साहेल प्रदेशाच्या अवर्षणाची मीमांसा याच आधारे केली. अतिचराईने जमीन उघडी पडली की परावर्तन वाढते, भूपृष्ठाकडून वातावरणाला मिळणारी ऊर्जा घटते, हवा खाली उतरू लागते व पाऊस आणखी घटतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. साहेलच्या अवर्षणामागे महासागराच्या पृष्ठीय तापमानातील बदल हे प्रमुख कारण होते, असे पुढील संशोधनातून निष्पन्न झाले. तरी भूपृष्ठातील बदलाने अवर्षण लांबते, हे तत्त्व टिकून राहिले.

(३) पृष्ठभागाचा खडबडीतपणा : ३० ते ४० मी. उंचीच्या असमान वृक्षशिखरांमुळे वाऱ्याची गती मंदावते, हवेत भोवरे निर्माण होतात व आर्द्र हवा वर ढकलली जाते.

(४) सूक्ष्मकण : ढगांतील जलबिंदू सूक्ष्मकणांभोवती तयार होतात. परागकण, कवकांची बीजुके आणि पानांतून बाहेर पडणाऱ्या आयसोप्रीन, टर्पिने इ. बाष्पनशील संयुगांपासून बनलेले कण वनांवरील हवेत विपुल असतात. या कणांच्या व इतर घटकांच्या अखंड मापनासाठी ब्राझीलमधील मानाऊसच्या ईशान्येस वनात ३२५ मी. उंचीचा मनोरा उभारण्यात आला असून तो २०१५ मध्ये पूर्ण झाला.

ॲमेझॉनचे खोरे : या विषयातील सर्वांत सखोल अभ्यास ॲमेझॉनच्या खोऱ्यात झाला आहे. अटलांटिक महासागरावरून येणारे व्यापारी वारे या सपाट खोऱ्यातून पश्चिमेस अँडीज पर्वतापर्यंत सु. ३,००० किमी. वाहत जातात. केवळ सागरी बाष्पावर पाऊस अवलंबून असता, तर तो किनाऱ्यापासून आत झपाट्याने कमी होत गेला असता. प्रत्यक्षात पश्चिम भागातही तो विपुल आहे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये ऑक्सिजनाच्या समस्थानिकांच्या साहाय्याने याचा उलगडा केला. पाण्याच्या रेणूंपैकी ऑक्सिजन-१८ असलेले जड रेणू पावसातून प्रथम बाहेर पडतात. म्हणून किनाऱ्यापासून दूर जाताना पावसाचे पाणी उत्तरोत्तर हलके होत जाणे अपेक्षित असते. मात्र वनस्पती मुळांनी घेतलेले पाणी जड व हलक्या रेणूंच्या प्रमाणात विशेष फरक न करता हवेत परत सोडतात. ॲमेझॉनमध्ये पावसाचे पाणी अपेक्षेपेक्षा बरेच कमी हलके होत असल्याचे आढळले. यावरून खोऱ्यातील निम्म्याच्या आसपास पाऊस पुनरावर्तित बाष्पाचा असावा, असा अंदाज करण्यात आला. नंतरच्या गणनांनी हा वाटा साधारणपणे २५ ते ३५ टक्के ठरविला आहे.

दक्षिण ॲमेझॉनमधील पावसाळ्याचा प्रारंभ हेही दीर्घकाळ कोडे होते. विषुववृत्ताजवळील केंद्राभिसरण पट्टा तेथे पोहोचण्यापूर्वी दोन-तीन महिने पाऊस सुरू होतो. त्या वेळच्या हवेतील बाष्पात जड हायड्रोजनाचे प्रमाण अधिक असते व ते बाष्प सागरापेक्षा वनस्पतींकडून आलेले असते, असे उपग्रहीय मापनांवरून २०१७ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे कोरड्या ऋतूच्या अखेरीस नव्या पालवीने युक्त झालेले वन हवेत ओलावा भरून पावसाळ्याची पूर्वतयारी करते. अँडीज पर्वताने अडविलेली आर्द्र हवा पुढे दक्षिणेकडे वळते आणि बोलिव्हिया, पॅराग्वाय, दक्षिण ब्राझील व उत्तर अर्जेंटिना या शेतीप्रधान प्रदेशांना पाऊस देते. या प्रवाहाला लोकव्यवहारात ‘उडत्या नद्या’ असे नाव पडले आहे.

तोडीचा विस्तार व परिणाम : वनतोडीचा परिणाम तिच्या विस्तारानुसार बदलतो व कित्येकदा उलटही होतो. काही किमी. रुंदीचा पट्टा तोडल्यास तापलेली मोकळी जमीन व शेजारचे थंड वन यांच्या तापमानांतील फरकामुळे स्थानिक वारे सुटतात आणि मोकळ्या जागेवर ढग वाढतात. ब्राझीलच्या राँदोनिया राज्यात तोडीचे क्षेत्र विस्तारत गेल्यावर हा परिणाम बदलला. कोरड्या ऋतूत तोडलेल्या क्षेत्राच्या, वारा जिकडे वाहतो त्या बाजूस पाऊस वाढला व वारा जिकडून येतो त्या बाजूस घटला. याच राज्याच्या अतिवृक्षतोड झालेल्या भागात पावसाळ्याचा प्रारंभ सु. तीन दशकांत सरासरीने ११ दिवस लांबल्याचे २०११ मध्ये नोंदविले गेले. एकाच पावसाळ्यात लागोपाठ दोन पिके घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा अवधी दुसरे पीक हाती लागण्या-न लागण्याइतका असतो.

उष्ण कटिबंधातील वाऱ्यांचे मार्ग उपग्रहीय नोंदींशी ताडून पाहणाऱ्या, २०१२ मधील ब्रिटिश अभ्यासात पुढील गोष्ट आढळली : आधीचे काही दिवस दाट वनस्पतींवरून आलेली हवा विरळ वनस्पतींवरून आलेल्या हवेपेक्षा निदान दुप्पट पाऊस देते आणि उष्ण कटिबंधातील ६० टक्क्यांहून अधिक भूभागावर ही स्थिती आहे. त्यांपैकी काही संशोधकांनी २००३ ते २०१७ या काळातील तोडीचा परिणाम तपासला. सु. ५० किमी. पेक्षा मोठ्या क्षेत्रांवर पावसात स्पष्ट घट दिसली, २०० किमी. विस्ताराच्या क्षेत्रांत वनाच्छादन एक टक्क्याने घटले की महिन्याचा पाऊस सु. ०·२५ मिमी.ने कमी होतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. आकडा लहान दिसला, तरी एखाद्या क्षेत्रातील निम्मे वन गेले असता वर्षाला सु. १५० मिमी. पावसाची तूट येते.

टॉमस लव्हजॉय व कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये असे मत मांडले की, तोड मूळ वनाच्या २० ते २५ टक्क्यांवर गेल्यास पूर्व, दक्षिण व मध्य ॲमेझॉनमधील वनाला स्वतःपुरताही पाऊस राखता येणार नाही व त्याचे रूपांतर विरळ वृक्षांच्या गवताळ प्रदेशात होईल. त्या वेळी सु. १७ टक्के वन नष्ट झालेले होते. ही मर्यादा नेमकी कोठे आहे याविषयी मतभेद आहेत. २००५, २०१०, २०१५-१६ व २०२३-२४ या वर्षांत ॲमेझॉनमध्ये तीव्र अवर्षणे पडली. २०२३ मध्ये मानाऊस येथे नेग्रो नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींतील नीचांकावर पोहोचली आणि २०२४ मध्ये हाही नीचांक मोडला गेला. या अवर्षणांना महासागरांचे वाढलेले तापमान मुख्यत्वे कारणीभूत असले, तरी क्षीण झालेले वन त्यांचा आघात सोसण्यास कमी समर्थ ठरते.

पाणथळ प्रदेश : पाणथळ प्रदेशांतून बाष्पीभवन भरपूर होते, तथापि त्यांचा पर्जन्यावरील परिणाम वनांइतका सरळ नाही. दिवसा ओली जमीन व पाणी आसपासच्या जमिनीपेक्षा थंड असते. त्यामुळे पाणथळ प्रदेशावरील हवेचे ऊर्ध्व प्रवाह मंदावतात; तेथून बाहेर वाहणाऱ्या थंड वाऱ्यांमुळे कडेच्या तप्त जमिनीवर मात्र ढग वाढतात. माली देशातील नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशात पुराच्या काळात हा प्रकार उपग्रहांनी टिपला आहे.

दक्षिण सुदानमधील ‘सद’ ही विस्तीर्ण दलदल या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. श्वेत नाईल नदीने आणलेल्या पाण्यापैकी सु. निम्मे पाणी या दलदलीत बाष्पीभवनाने जाते. ते वाचवून सुदान व ईजिप्तला पुरविण्यासाठी दलदलीला वळसा घालणारा जोंगलेई कालवा १९७८ मध्ये खणण्यास सुरुवात झाली. यादवी युद्धामुळे सु. दोन-तृतीयांश खोदाईनंतर १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीच हे काम बंद पडले. दलदल आटल्यास आसमंतातील पाऊस नाहीसा होईल, अशी भीती व्यक्त करण्यात आली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिकृतीवर आधारित अभ्यासात प्रादेशिक पावसावर होणारा परिणाम नगण्य, परंतु कोरड्या ऋतूतील स्थानिक तापमान व आर्द्रता यांवर होणारा परिणाम मोठा असल्याचे दिसून आले. सदसारख्या प्रदेशाचे खरे मोल मासेमारी, चराई, पूरनियंत्रण व जीवसृष्टी यांत आहे. ते पटवून देण्यासाठी पावसाच्या अतिरंजित दाव्याची गरज नाही.

फ्लॉरिडा द्वीपकल्पातील स्थिती याहून वेगळी आहे. दोन्ही किनाऱ्यांवरून आत येणारे खारे वारे जेथे एकत्र येतात, तेथे उन्हाळ्यातील बराचसा पाऊस पडतो. विसाव्या शतकात दक्षिण फ्लॉरिडातील दलदलींचा मोठा भाग निचरा करून शेती व वसाहतींखाली आणण्यात आला. १९०० पूर्वीचे व १९९३ चे भूपृष्ठ यांची प्रतिकृतींद्वारे तुलना करता जुलै-ऑगस्टच्या पावसात सु. १० टक्के घट व दिवसाच्या कमाल तापमानात वाढ आढळली. शिवाय रात्री उष्णता सोडणारे पाणी नाहीसे झाल्याने हिवाळ्यातील गोठणाऱ्या रात्री अधिक कडक झाल्या. उत्तरेकडील हिमदाहास कंटाळून दक्षिणेस सरकलेल्या शेतीला निचऱ्यामुळेच पुन्हा हिमदाहाला तोंड द्यावे लागले.

भारतातील स्थिती : भारतात वन व पाऊस यांतील कार्यकारणभाव तपासताना विशेष दक्षता घ्यावी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथे वर्षाला ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस ३५ किमी.च्या आत असलेल्या वाई येथे त्याचा लहानसा अंश पडतो. हा फरक वनांमुळे नसून अरबी समुद्रावरील वारे डोंगराने अडविल्यामुळे पडणाऱ्या प्रतिरोध पर्जन्याचा आहे. येथील सदाहरित वन हे मुख्यतः त्या पावसाचे फल आहे, कारण नव्हे.

तथापि पश्चिम घाटातील वनांचे बाष्प वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे जाते. मुंबई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तमिळनाडूतील नैर्ऋत्य मोसमी पावसाला लागणाऱ्या बाष्पाचा सु. चतुर्थांश ते तृतीयांश भाग या वनांकडून येतो व मॉन्सून अपुरा असलेल्या वर्षी हा वाटा सु. ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे सागरी बाष्पाचा पुरवठा कमी असतो, तेव्हाच वनांचे साहाय्य अधिक मोलाचे ठरते. याच संस्थेच्या २०१६ मधील अभ्यासात गंगेचे खोरे व ईशान्य भारत येथील वनांचे शेतीत रूपांतर झाल्याने बाष्पपुरवठा घटून तेथील मोसमी पाऊस क्षीण झाल्याचे दर्शविले आहे. मोसमाच्या प्रारंभी जमीन कोरडी असल्याने पुनरावर्तन थोडे असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माती भिजलेली व वनस्पती वाढलेल्या असल्याने ते वाढते. महाराष्ट्रातील नांदूर-मधमेश्वरसारखे पाणथळ प्रदेश प्रादेशिक पावसावर परिणाम घडविण्याइतके मोठे नाहीत. पूर सौम्य करणे, भूजल भरणे व पक्ष्यांना आश्रय देणे हे त्यांचे कार्य होय.

वने व नद्यांतील पाणी : वन बाष्प पुरविते, याचा अर्थ ते मातीतील पाणी खर्च करते. जगातील ९४ प्रायोगिक पाणलोट क्षेत्रांच्या १९८२ मधील आढाव्यात वृक्षतोडीनंतर ओढ्यांचे वार्षिक पाणी सर्वसाधारणपणे वाढते व वनरोपणानंतर घटते, असे आढळले. निलगिरी जिल्ह्यातील उदकमंडलमजवळ गवताळ पाणलोट क्षेत्रात निलगिरी वृक्षांची लागवड केल्यावर दहा वर्षांच्या पहिल्या आवर्तनात पाण्याचे उत्पन्न सु. १६ टक्क्यांनी घटले. मात्र वनजमिनीत पाणी चांगले मुरते, मातीची धूप रोखली जाते व अनेक ठिकाणी उन्हाळी प्रवाह टिकून राहतो. म्हणून एखाद्या गावाच्या टेकडीवर केलेली लागवड त्या गावचा पाऊस वाढवील, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. तिचे लाभ माती, ओलावा, सरपण व चारा यांच्या रूपाने मोजले पाहिजेत. खोऱ्याच्या किंवा उपखंडाच्या विस्ताराचा विचार करताना मात्र ओढ्यांतील पाण्याचा हिशेब अपुरा पडतो. वनाने हवेत सोडलेले पाणी अन्यत्र पाऊस म्हणून पडते, हेही त्यात धरावे लागते.

वादग्रस्त मुद्दे व महत्त्व : रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर गॉर्शकॉव्ह व अनास्तासिया मकारिएव्हा यांनी २००७ मध्ये असा सिद्धांत मांडला की, वनांवर बाष्पाचे संद्रवण होताना हवेचा दाब घटतो व त्यामुळे वने सागरी वारे खंडाच्या अंतर्भागात ओढून घेतात. ‘जैव पंप’ या नावाने ओळखला जाणारा हा सिद्धांत बहुसंख्य वातावरणवैज्ञानिकांनी स्वीकारलेला नाही. तो खरा ठरल्यास वनांचे महत्त्व आज मानले जाते त्याहून पुष्कळच वाढेल. तो नाकारला, तरी वर वर्णिलेल्या पुनरावर्तनाच्या पुराव्यास बाध येत नाही.

या संशोधनाने जलव्यवस्थापनापुढे नवा प्रश्न उभा केला आहे. नद्यांच्या पाण्याच्या वाटपासाठी राज्याराज्यांत व देशादेशांत करार आणि लवाद आहेत. हवेतून वाहणाऱ्या बाष्पासाठी तशी व्यवस्था नाही. ब्राझीलमधील वनतोडीची झळ पॅराग्वाय व अर्जेंटिनातील शेतकऱ्यास आणि पश्चिम घाटातील तोडीची झळ तमिळनाडूतील शेतकऱ्यास बसू शकते. मात्र त्या वनांविषयीच्या निर्णयात त्यांचा सहभाग नसतो. पर्जन्याची नोंद ठेवणारी व वनांची राखण करणारी खाती बहुतेक देशांत वेगवेगळी आहेत. दोहोंच्या नोंदी एकत्र तपासल्या, तरच कोणते वन कोणत्या प्रदेशाच्या पावसासाठी राखणे आवश्यक आहे, हे ठरविता येईल.